एकतिसावा चौकोन

पट्टीबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या कार्यालयाच्या जिन्यात अडकल्या होत्या. मुलांची उंची मोजायची लाकडी फळी त्यांच्या खांद्यावर होती, जिन्याचं वळण अरुंद होतं, आणि फळी धड वर येत नव्हती की खाली जात नव्हती. मी वरून ओरडलो, "आडवी धरा हो, आडवी!" खालून शांतपणे उत्तर आलं, "धरते की. पण मग मी कुठे उभी राहू?" मला हसू आलं नाही, मला ते सहसा येत नाही. पण फळीचं दुसरं टोक धरायला मी खाली उतरलो. पुढे एकवीस वर्षं आम्ही एकाच कामावर होतो.

माझा स्वभाव तिरसट आहे, हे आधीच सांगून टाकतो. कार्यालयात माझ्यामागे मला 'मिरची' म्हणत. मला ते माहीत होतं, आणि मला माहीत नाही असं त्यांना वाटायचं. त्यामुळे मी कुणाचं कौतुक करायला बसलोय असं कृपा करून समजू नका. एका बाईची हकिगत सांगायची आहे, आणि तिच्यात माझाही एक गुन्हा आहे, म्हणून ती मलाच सांगायला हवी.

आमचं कार्यालय म्हणजे टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. पहिलीत मॅडम, दुसरीत मी आणि माझा संगणक, तिसरीत कागदांच्या पेट्या. खिडकी उघडली की रबराचा वास यायचा, बंद केली की कागदांचा. मॅडम अर्थशास्त्राच्या प्राध्यापक. लोकांना वाटतं अर्थशास्त्र म्हणजे बाजार आणि बँका. मॅडमना तान्ह्या मुलांचं पडलं होतं. माणूस मोठेपणी कुठे पोचतो, ते त्याच्या पहिल्या चार वर्षांत किती ठरून जातं? आणि त्या चार वर्षांत बाहेरून कोणी थोडा हात दिला तर पुढे शाळेत, कामात, आयुष्यात फरक पडतो का? एवढं शोधायला त्यांनी आपली उमेदीची सगळी वर्षं घातली.

साबणाच्या कारखान्यामागे मोठी वस्ती होती. तिथली एकशेवीस घरं आम्ही धरली, प्रत्येक घरात वर्षाच्या आतबाहेरचं एक मूल. साठ घरांत आमची कोणीतरी 'खेळताई' दर आठवड्याला जाणार, तासभर मुलाशी बोलणार, खेळणार, चित्रांची पुस्तकं दाखवणार, आईलाही दाखवणार. मूल चार वर्षांचं होईपर्यंत. ही भेटीची घरं. उरलेल्या साठ घरांत कोणी जाणार नाही, फक्त सहा महिन्यांनी एकदा मोजणी. ही मोजणीची घरं. आणि मोजणी मात्र एकशेवीसही घरांची पट्टीबाईच करणार: उंची, वजन, डोक्याचा घेर, आणि चाळीस प्रश्नांचा कागद.

कोणतं घर कुठल्या यादीत, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. बटणांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात एक ते एकशेवीस आकड्यांच्या घड्या घातल्या. मॅडम म्हणाल्या, "मी काढणार नाही. ज्याचा कशात काही मतलब नाही अशा हाताने काढू द्या." सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पदराला हात पुसला आणि एकेक करून साठ चिठ्ठ्या काढल्या. मग डब्यात डोकावल्या.

"मॅडम, ह्या उरलेल्या?"

"त्या मोजणीच्या."

"सगळ्यांकडेच का नाही जायचं?"

मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "सगळ्यांकडे जायला आज माणसं नाहीत, बाई. आणि सगळ्यांकडे गेलो तर फरक कशाने पडला ते कळणार कसं? एकदा दाखवून देता आलं ना, की मग प्रत्येक वस्तीत, प्रत्येक घरी जाता येईल. तोपर्यंत मोजणीच्या घरात तुम्ही फक्त मोजायचं. शिकवायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, खेळणं द्यायचं नाही. वीस मिनिटांत बाहेर."

बाईंनी मान डोलावली. डब्याचं झाकण मात्र त्यांनी लगेच लावलं नाही.

आता त्यांचं आधीचं थोडं. घरात तीन भावंडं, ही थोरली. आई कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायला, वडील रखवालदार. सातवीत असताना धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून शाळा सुटली ती सुटलीच. तो भाऊ पुढे वीजकामात चांगला सुपरवायझर झाला, बंगलावजा घर बांधलं, आणि ताईला त्याने कधी अंतर दिलं नाही, हे खरं. तो पावणेसहा फूट, ही चार फूट सात इंच. "आमच्या घरात उंचीची पण वाटणी झाली," बाई म्हणायच्या. "मी थोरली, म्हणून समजुतीने कमी घेतली." लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

पण सातवीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर बघून मी चाट पडलो होतो. छापल्यासारखं नव्हे, छापणाऱ्यांनी धडा घ्यावा असं. ते कुठून आलं, तर शेजारच्या खोलीत एक मावशी राहायच्या, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला. दर वर्षी जुनी डिरेक्टरी त्या घरी आणायच्या आणि संध्याकाळी ह्या चिमुरडीला मांडीवर घेऊन उघडायच्या. बोट ठेवायचं, नाव वाचायचं, आकडे म्हणायचे. "लोक अ-आ-इ ने सुरुवात करतात," बाई सांगायच्या, "मी 'डॉक्टर व दवाखाने' या पानापासून केली." त्या जोरावर त्यांना शिवणाच्या कारखान्यात कॉलर मोजून नोंदी ठेवायचं काम मिळालं, आणि तिथून आमच्याकडे. "कॉलरी मोजत होते, आता पोरं मोजते. कॉलर बरी, रडत नाही."

वस्तीत त्यांना पट्टीबाई हे नाव पडलं आणि खरं नाव मागे पडलं. फळी खांद्यावर दिसली की मुलं ओरडत धावायची. फळीवर मूल आडवं झोपवायचं, टाचा एका टोकाला, डोकं दुसऱ्या टोकाला, आणि सरकती पाटी हळूच डोक्याला टेकवायची. एकदा मोजायचं, मूल उचलायचं, परत झोपवायचं, परत मोजायचं. दोन्हींत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा. कोणी बघायला नसायचं, तरी त्या कधी एकावर भागवत नसत. त्यांचे कागद मी संगणकात भरायचो, आणि माझ्यासारख्या खडूस माणसाला त्यांत खोडी काढायला जागा मिळत नसे.

फक्त एका ठिकाणी मिळाली. एकतिसावा प्रश्न असा होता: 'घरी येऊन बाळाला कोणी शिकवतं किंवा खेळवतं का?' पुढे एक चौकोन, त्यात हो किंवा नाही लिहायचं. त्र्याहत्तर नंबरच्या घराच्या कागदावर तो चौकोन रिकामा आला. मी कागद परत पाठवला. तो तसाच परत आला. संगणक रिकामा चौकोन स्वीकारत नसे, पुढच्या प्रश्नावर जाऊच देत नसे. सहा महिन्यांनी पुन्हा तेच. तेव्हा मी पेटलो.

"बाई, चाळीसातले एकोणचाळीस भरता आणि एकच सोडता, म्हणजे माझी परीक्षा बघता की काय? त्र्याहत्तर मोजणीचं घर आहे. तिथे कोण झक मारायला जातंय? नाही असं धरू का?"

बाई फळी पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्हाला जे धरायचं ते धरा, भाऊ."

मी संगणकात दोन्ही कागदांना शून्य टाकलं. शून्य म्हणजे नाही. पुढच्या दोन वेळांना विचारलंही नाही, डोळे झाकून शून्य दाबलं. असे चार कागद, चार शून्यं. माझ्या लेखी विषय संपला होता.

वर्षं गेली. मुलं फळीवर आडवी मावेनात, उभी राहू लागली. मग फळीही लहान पडली आणि भिंतीला टेकवायची पट्टी आली. सहाव्या वर्षानंतर मोजणी दोन वर्षांतून एकदा. कोणी शाळा सोडली, कोणी वस्ती सोडली, चौघं जग सोडून गेली. बाईंनी सोडून गेलेली घरं शोधायला किती चपला झिजवल्या त्याचा हिशोब आमच्याकडे नाही. एकविसाव्या वर्षी आमच्या हाती एकशेवीसपैकी चौऱ्याण्णव मुलं होती. 'मुलं' म्हणायचं, त्यांतल्या काहींना मुलं झाली होती.

शेवटच्या फेरीची अकरा घरं राहिली असताना समितीचे लोक कार्यालयात आले. घरभेटी सगळ्या वस्त्यांत सुरू करायच्या की नाही, हे या समितीच्या हातात होतं. मॅडमनी भिंतीवर तक्ते लावले. भेटीच्या घरांतली मुलं सरासरी दीड वर्ष जास्त शिकली होती, आजारपणं कमी, हातात धड काम असणारी जास्त. फार मोठा चमत्कार नव्हता, पण फरक होता. मी आणि बाई मागच्या खुर्च्यांवर बसलो होतो.

समितीचे अध्यक्ष चांगल्या कपड्यांतले, चांगल्या तब्येतीचे गृहस्थ होते. त्यांनी यादीवर बोट ठेवलं. "हे घर त्र्याहत्तर. भेटी झालेल्या नाहीत ना इथे?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"आणि ही मुलगी पूल बांधायचं इंजिनिअरिंग शिकतेय. एकशेवीसांत सगळ्यात पुढे!" त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "बघा, कोणी हात धरला नाही, तरी पोरगी वर आली. मुळात जिद्द असली की झालं. नसली की तुम्ही घरी जाऊन टाळ्या वाजवा नाहीतर नाचा. मॅडम, तुमच्याच कागदांनी तुम्हाला उत्तर दिलंय."

लोक हसले. मॅडम बरंच काही म्हणाल्या, एका घरावरून निष्कर्ष काढता येत नाही वगैरे, पण ते कोणाच्या कानात शिरत नव्हतं. तक्ता कोणाच्या लक्षात राहत नाही, पोरगी राहते. निर्णय दोन महिन्यांनी, शेवटची फेरी आली की. माणसं जिना उतरून गेली. बाई खुर्चीतच होत्या. मी म्हटलं, "चला, कुलूप लावायचंय." त्यांनी ऐकलं नसावं. मग एकदम उठल्या आणि पिशवी न घेताच निघाल्या. मला पिशवी घेऊन जिन्यात पळावं लागलं.

आठ दिवसांनी दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि एकच कागद समोर ठेवला. एरवी गठ्ठा आणायच्या. घर त्र्याहत्तर, शेवटची फेरी. या फेरीत एकतिसावा प्रश्न त्या तरुण मुलांनाच विचारायचा होता: 'लहानपणी घरी येऊन तुम्हाला कोणी शिकवत किंवा खेळवत असे का?' चौकोनात बाईंच्या त्या अक्षरात लिहिलं होतं: हो. खाली, कोण: मोजणी करणारी बाई. किती वेळा: दर बुधवारी, साधारण दोन वर्षं.

मी दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

"हे काय आहे?"

"ती जे बोलली ते. सांगणाऱ्याचं उत्तर बदलायचं नाही, असा नियम आहे ना?" बाई उभ्याच होत्या. "मी विचारलं, कोणी यायचं का. ती हसायला लागली. म्हणाली, असं काय करता पट्टीबाई, तुम्हीच की! मला म्हणाली, लिहा ना, थांबलात का?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. मूल वीस महिन्यांचं होतं. आई दवाखान्याच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायला दिवसभर बाहेर. घरी कानाने गेलेली आजी, आणि पोरगी साबणाच्या रिकाम्या खोक्यात बसलेली, कारण खोक्यातून बाहेर पडता येत नाही. बोलत काहीच नव्हती. बाईंनी फळीवर झोपवलं, मोजलं, उचललं. पोरगी फळीवरच्या काळ्या रेघांकडे सरकली. एका आकड्यावर बोट ठेवलं आणि वर पाहिलं. मग दुसऱ्यावर ठेवलं आणि वर पाहिलं.

"वाट बघत होती हो, भाऊ. मी काहीतरी सांगेन म्हणून. माझी वीस मिनिटं संपली होती. मी उठले, फळी उचलली, गल्लीच्या टोकापर्यंत आले. आणि मला आमच्या टेलिफोनवाल्या मावशी आठवल्या. त्यांनी जर यादी बघितली असती तर मी आज कुठे असते?"

बुधवारी बाईंचं काम लवकर सुटायचं. दोन वर्षं, दर बुधवारी, तासभर. खेळणं एकही नेलं नाही. दोऱ्याची रिळं, डब्यांची झाकणं, आणि ती फळी. फळीवरचे आकडे पोरीने अडीच वर्षांची होण्याआधी पाठ केले. आईला पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं, "कोणाला बोलू नका, माझी नोकरी जाईल." ती माउली एकवीस वर्षं बोलली नाही. मुलीला कोणी गप्प राहायला सांगितलंच नव्हतं.

"आणि तो चौकोन?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊकच होतं.

"हो लिहिलं असतं तर काम गेलं असतं. नाही लिहायला हात धजेना. म्हणून सोडला."

सोडला. आणि मी त्यात शून्य भरलं. बाईंनी खोटं लिहिलं नव्हतं. खोटं मी लिहिलं होतं, चार वेळा, आणि वर त्यांच्यावरच वसकन ओरडलो होतो. आणि त्या चार शून्यांवर बोट ठेवून तो चांगल्या तब्येतीचा गृहस्थ म्हणत होता की पोरांना कोणाच्या हाताची गरज नसते.

मी शूर वगैरे नाही. मी दार लोटलं आणि म्हणालो, "बाई, तुमच्या निवृत्तीला तीन महिने राहिले. माझ्या पाच. एक शब्द. नाही म्हणून भरून टाकतो. एकवीस वर्षं कोणी विचारलं नाही, आता कोण विचारतंय?"

"मी खरं लिहिलंय, भाऊ."

"तुमच्या एका घरापायी सगळ्या कागदांवर संशय घेतील! एकशेवीस घरं तुम्ही मोजलीत. म्हणतील, एका घरी हिने असं केलं, बाकीच्या घरी काय काय केलं असेल. मॅडमचं आयुष्य आहे ते."

हे त्यांना लागलं. त्या पहिल्यांदाच खाली बसल्या. म्हणाल्या, "ते मला पण वाटतं. आठ दिवस झोप नाही मला. पण मी गप्प बसले तर त्या पुढच्या पोरांकडे कोणी जाणारच नाही, भाऊ. माझ्या त्र्याहत्तरमुळेच जाणार नाही. तुम्ही भरा. शून्य भरायचं तर शून्य भरा. मी आता काही धरा म्हणणार नाही."

कागद मी ड्रॉवरमध्ये ठेवला. दोन दिवस ठेवला. जेवण जाईना. बायको म्हणाली, "तोंड असं का, कोणाशी भांडलात?" मी म्हटलं, नाही, या वेळी भांडायला कोणी मिळेना. तिसऱ्या दिवशी मी बाईंना घेऊन मॅडमच्या खोलीत गेलो.

मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं. त्यांना मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, त्या दिवशी ऐकलं. "एकवीस वर्षं, बाई! मी जगभर जाऊन छातीठोकपणे सांगते, माझी मोजणी करणारी बाई चुकत नाही. तुम्हाला कळत होतं ना मी काय सिद्ध करायला निघाले होते? त्या मुलांसाठीच करत होते ना मी?"

"कळत होतं."

"मग?"

बाईंनी हात जोडले नाहीत की रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मॅडम, त्र्याहत्तरबद्दल माझं चुकलं, लेखी देते. पण मला रात्रंदिवस खातंय ते त्र्याहत्तर नाही. बहात्तर आहे."

आम्हाला दोघांनाही समजलं नाही.

"शेजारचं घर. मधे एक पातळ भिंत. तिथेही मुलगीच, पंधरा दिवसांनी लहान. तेही मोजणीचं. तिची आई बुधवारी दारात उभी राहायची, पोरीला कडेवर घेऊन. एकदा म्हणाली, बाई, जाताना आमच्याकडे पण थोडं बसाल का? मी म्हटलं, यादीत नाव नाही. एका घरापुरतं मी मनाला समजावलं होतं. दोन झाली असती तर तुम्हाला तोंड दाखवू शकले नसते. सहावीत सुटली तिची शाळा. साबणाच्या वड्या गुंडाळते आता, कारखान्यात." मग त्या मॅडमकडे बघून म्हणाल्या, "नियम मी एका घरी मोडला, मॅडम. एकोणसाठ घरी पाळला. डब्यातून चिठ्ठ्या माझ्याच हाताने काढल्या होत्या. शिक्षा द्यायची ती कशाची द्यायची, ते तुम्ही ठरवा."

मॅडम खिडकीकडे वळल्या. खाली कोणीतरी टायर आपटत होतं. मग त्या मला म्हणाल्या, "पेट्या काढा. जुने कागद मूळ स्वरूपात हवेत."

पुढचं थोडक्यात. मॅडमनी काही लपवलं नाही. समितीसमोर त्र्याहत्तरची हकिगत, बाईंचा लेखी जबाब आणि माझाही, सगळं ठेवलं. अध्यक्ष लगेच म्हणाले, "मग बाकीच्या कागदांवर विश्वास कसा ठेवायचा?" तेव्हा चाळीस घरांत दुसऱ्याच माणसांना पाठवलं, चौकशी करायला आणि मापं पडताळायला. घरच्यांना आधीच कोणी उत्तरं पढवू नयेत म्हणून ना बाईंना सांगितलं, ना मला. एकाही घरी आणखी काही निघालं नाही. मापं अर्ध्या सेंटिमीटरच्या आत जुळली. अध्यक्षांनी त्र्याहत्तरचा विषय पुन्हा काढला नाही. तीन वस्त्यांत घरभेटी मंजूर झाल्या, आणि त्या तीन वस्त्यांत चिठ्ठ्या नाहीत. प्रत्येक घरी जायचं.

बाईंना मात्र मॅडमनी कामावरून कमी केलं, तीन महिने आधी. ते बरोबर होतं असं मॅडम म्हणतात, बाईही म्हणतात. मला ते आजही पटत नाही, पण मला कोणी विचारलं नव्हतं. त्र्याहत्तरची मुलगी शिक्षण संपल्यावर त्यांना भेटायला भावाच्या घरी गेली होती. तिने पाया पडायला वाकायच्या आत बाईंनी तिला भिंतीशी उभं केलं आणि उंची घेतली. दोनदा घेतली.

पण मला सांगायची होती ती एक दुपार राहिली. मॅडमच्या हुकमाप्रमाणे मी तिसऱ्या खोलीत बसून पेट्या उघडल्या होत्या. त्र्याहत्तरचे ते चार जुने कागद सापडले. कडा पिवळ्या पडलेल्या, एकोणचाळीस उत्तरं शाईत स्वच्छ, आणि एकतिसावा चौकोन चारही ठिकाणी कोरा. मी संगणकात एकेक शून्य खोडलं आणि त्या जागी एक, म्हणजे हो, भरला. चार वेळा. काम पाच मिनिटांचं होतं, मला तास लागला.

गठ्ठा बांधताना वरचा कागद हाताला लागला. घर बहात्तर. मी त्याचे सगळे कागद काढून ओळीने मांडले, पहिल्या मोजणीपासून ते शेवटच्या फेरीपर्यंत. प्रत्येकावर एकतिसाव्या चौकोनात त्याच सुंदर अक्षरात लिहिलं होतं, नाही. शेवटच्या कागदावर, जिथे ती मुलगी स्वतः बोलली होती, तिथे नाहीच्या खाली शेऱ्यात एक ओळ होती: 'शेजारी यायच्या त्या. भिंतीतून आवाज यायचा. वीसपर्यंत आकडे मी तसेच शिकले, असं म्हणाली.'

मी संगणकातली नोंद उघडून कागदाशी ताडून पाहिली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. शून्य, शून्य, शून्य. सगळं बरोबर होतं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.